तळं अजून ओलं आहे

४ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, हिलासुद्धा नाही. विशेषतः हिला नाही.

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचबिंदू. एक डोळा गेल्यातच जमा, दुसरा कडेकडेनं मिटत चाललाय. गेलेलं परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून टिकेल तितकं टिकवायचं, काय बघायचं असेल ते आत्ताच बघून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. या लोकांना घाबरवायची सवयच असते. त्याशिवाय दवाखाना चालत नाही.

येताना बसमध्ये बाबा म्हणाले की त्यांना एकदा डोंगर बघायचेत. डोंगर आणि खाली तळं. अख्खी नोकरी कोर्टाच्या तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये गेली. रिटायर झाल्यावर नशिबी ही खिडकी, आणि खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. लांबचं असं कधी काही बघितलंच नाही म्हणाले. ही लगेच म्हणाली, त्यात काय, सकाळच्या बसनं गेलं की संध्याकाळी परत. रविवारी जाऊ.

हिला सगळंच सोपं वाटतं. बाबांचं वय, बसचे धक्के, चढ, थंडी. मी 'बघू' म्हणालो. 'बघू' म्हणजे नाही असं नाही.

७ फेब्रुवारी

दाढ. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो. खुर्चीत आ वासून पडलो होतो आणि समोरच्या भिंतीवर नजर गेली. हे चित्र तिथं कित्येक वर्षं आहे, पण आज पहिल्यांदा *दिसलं*. डोंगर! तळं! वर वादळी ढग, कड्यावर पडका बुरूज, काठावर काठी घेतलेला एक छोटा माणूस आणि दोन गाई. जुन्या काळच्या कुणा परदेशी चित्रकाराचं ऑइल पेंटिंग, त्याची प्रिंट. नाव फ्रेममध्ये कापलं गेलंय.

अंगावर काटा आला. दाढ दुखायची थांबली. (इंजेक्शनही दिलं होतं.)

आणि विचार सुचला. बाबांना डोंगराकडे कशाला न्यायचं? डोंगरच बाबांकडे आणू. हे चित्र मी ऑइलमध्ये, मोठ्या कॅनव्हासवर, हुबेहूब काढणार आणि बाबांच्या पलंगासमोर टांगणार. ट्रिप एका दिवसात संपते. ऑइल पेंटिंग शेकडो वर्षं टिकतं. बाबांना तितकं लागणारही नाही.

शिवाय दुरून डोंगर साजरे, हे पूर्वजांनी सांगूनच ठेवलंय.

शाळेत माझी चित्रकला चांगली होती. निदान वाईट आहे असं कुणी स्पष्ट म्हटलं नव्हतं.

८ फेब्रुवारी

डॉक्टर दवाखान्याला रंग काढणार असल्यामुळे प्रिंट फुकट मिळाली. घेऊन आलो. हिनं पुसली, बघितली आणि म्हणाली, छान आहे की, हीच टांगा ना बाबांसमोर. खिळा आहेच.

मी हसलो. तिला समजेल असं सांगायचा प्रयत्न केला, की प्रिंट ती प्रिंट. तिच्यात आत्मा नसतो. आणि शिवाय मला समोर ठेवायला ती लागणार.

ती म्हणाली, मग रविवारचं काय?

रविवारी पेंटिंगचा क्लास असतो. चौकशी केली आहे. फक्त रविवारीच असतो, त्याला मी काय करणार?

१६ फेब्रुवारी

क्लासचा पहिला दिवस. बाई वयस्कर आहेत, फार बोलत नाहीत. सगळ्यांना एक उकडलेलं अंडं पांढऱ्या कपड्यावर ठेवून काढायला सांगितलं. मी नम्रपणे म्हणालो की माझं वादळी आकाशापासून सुरू करायचं ठरलंय. बाई म्हणाल्या, आधी अंडं.

अंडं बटाट्यासारखं आलं. अंड्यात दोष असावा.

२० फेब्रुवारी

खरेदी. चित्र टेकवायला इझल, कॅनव्हास, जवसाचं तेल, टर्पेंटाइन, ब्रश. डुकराच्या केसांचे वेगळे, मऊ वेगळे. दुकानदारानं विद्यार्थ्यांचे रंग दाखवले. मी म्हणालो, कलाकाराचे द्या. तो आतून घेऊन आला. चांगल्या माणसाला चांगलं गिऱ्हाईक लगेच ओळखू येतं.

संकल्प: रोज ऑफिसमधून आल्यावर निदान एक तास. मार्चअखेर चित्र भिंतीवर.

२३ फेब्रुवारी

उजेड हवा म्हणून इझल हॉलच्या खिडकीशी लावलं. तिथं बाबांची खुर्ची होती. तिथून त्यांना समोरच्या भिंतीच्या कडेनं रस्त्याचं टोक दिसायचं. बाबांना आता स्वयंपाकघरात बसवलंय. तिथं उबदार असतं.

१ मार्च

प्रिंटवर चौकोन आखले, कॅनव्हासवर तेवढेच मोठे चौकोन आखले. आता एकेका चौकोनात जे आहे ते इकडे आणायचं. हे काम म्हणजे आमच्या मीटर विभागातलं रीडिंग उतरवण्यासारखंच. मी उगाच वीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली असं वाटायचं, पण ती सगळी याचीच तयारी होती.

एक ओळ चुकून दोनदा काढली. त्यामुळे डोंगर थोडा उंच झालाय. बिघडत नाही. डोंगर उंचच असावा.

९ मार्च

बर्न्ट अंबर रंगात खालचा थर पूर्ण. बाई म्हणाल्या, पहिला थर टर्पेंटाइननं पातळ करायचा, तेल कमी, वरच्या थरांना तेल जास्त. नाहीतर वरचं वाळतं, खालचं ओलं राहतं आणि सगळं घसरतं. हे त्यांनी थर दिल्यावर सांगितलं. मी भरपूर तेल घातलंय. त्यानं छान चकाकी येते.

एकूण चित्र सध्या तपकिरी आहे. बाबांनी येऊन अगदी जवळून, मान तिरकी करून बघितलं आणि विचारलं, हे काय? मी सांगितलं, पाया. ते म्हणाले, पाया चांगला खोल दिसतोय.

१४ मार्च

बाबा न्हाणीच्या दारावर आदळले. कपाळाला टेंगूळ. हिनं स्टूल मध्येच ठेवलं होतं. ती म्हणते स्टूल नव्हतं. असेल नसेल, पण वस्तू जागेवर ठेवाव्यात.

रविवारी डोंगरावर जायचं का, असं परत विचारत होती. मी आकाश सुरू करतोय हे तिला दिसत नाही का?

२२ मार्च

प्रशियन ब्लू. या रंगाबद्दल कुणीतरी आधी सावध करायला हवं होतं. जरासा घेतला. तो दाराच्या मुठीवर आहे, टॉवेलवर आहे, साखरेच्या डब्यावर आहे, बाबांच्या कानामागे आहे. तिथं कसा गेला कळत नाही. ऑफिसात साहेबांनी एका पत्रावरचा निळा अंगठा दाखवून विचारलं की हे काय आहे. मी म्हणालो, शाई. म्हणाले, आपण अंगठा कधीपासून लावायला लागलात.

कलेची किंमत लोकांना नसतेच.

३० मार्च

मार्चअखेर चित्र पूर्ण होणार नाही असं दिसतं. घाईनं काही चांगलं होत नाही. नवी तारीख: एप्रिलअखेर.

७ एप्रिल

आकाश खरवडून काढलं. ढग फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे झाले होते. हिनंच तसं म्हटलं. मला आधी तसं वाटत नव्हतं, पण एकदा कानावर पडल्यावर दुसरं काही दिसेना.

बाई म्हणाल्या, ढगाला कड नसते. हे वाक्य डोक्यात घोळवत ऑफिसला गेलो, उतरायचा स्टॉप गेला.

१५ एप्रिल

साठवलेल्या रजा घेतल्या. सगळ्या. आकाशासाठी. ही रात्री भांडी जरा जोरात घासत होती इतकंच.

१९ एप्रिल

बाबा म्हणाले, आता बघताना दाराच्या किल्लीच्या भोकातून बघावं तसं दिसतं. मधलं तेवढं दिसतं, बाकी काही नाही.

योगायोग म्हणजे गेल्या रविवारीच बाईंनी पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून निसर्ग बघायला सांगितलं. त्यानं नको ते सगळं वगळलं जातं. म्हणजे बाबा आता चित्रकारासारखे बघायला लागलेत. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, असं होय. ही उठून आत गेली.

२७ एप्रिल

आकाश तिसऱ्यांदा. आता ते वादळी आहे यात शंका नाही.

रजा संपल्या.

४ मे

गाईंपासून सुरुवात केली. एक गाय कुत्र्यासारखी झाली, दुसरी सोफ्यासारखी. बराच वेळ झुंजलो. शेवटी दोघींचे खडक केले. तळ्याकाठी खडक असतातच, मूळ चित्रकाराच्या लक्षात आलं नसेल.

११ मे

काठीवाला माणूस. पाय लांब झाले म्हणून धड वाढवलं, धड वाढलं म्हणून डोकं वाढवलं. तो बुरुजापेक्षा उंच झाला. त्याचाही खडक केला.

बुरूज वाकडा होता, त्याचं टोक पडलं असं समजून तिथंही एक खडक ठेवला. खडक मला उत्तम जमतात. बाईंना दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि 'हं' म्हणाल्या. त्या सहसा 'हं' सुद्धा म्हणत नाहीत.

१८ मे

ही रोज संध्याकाळी बाबांना पेपर वाचून दाखवते. मग गॅलरीत उभी राहून खालचं सगळं सांगते: कोण आलं, कुणी काय नेसलंय, दुधाच्या गाडीनं कोपऱ्यावरची कुंडी कशी पाडली. बाबा तिकडे तोंड करून हसत असतात. मला वाटतं, यानं त्यांचे डोळे आळशी होतील. डोळ्यांना काम दिलं पाहिजे. हिला म्हणालो. ती म्हणाली, मग तुम्ही द्या.

म्हणूनच तर सगळा खटाटोप चाललाय.

१ जून

आज तळं सुरू. थेंबे थेंबे तळे साचे. डोंगराचं प्रतिबिंब पाण्यात उलटं पडतं, तेव्हा कॅनव्हास उलटा करून काढला. मग सरळ केला. आता तळं डोंगरासारखं आणि डोंगर तळ्यासारखा दिसतो. अभ्यासकांना हे आवडेल.

११ जून

आज सकाळी ही परत म्हणाली, येत्या रविवारी चला. बाबांना अजून थोडं दिसतंय. तुम्ही असलात तर त्यांना बरं वाटेल. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. मी सांगितलं, की रविवारी बाई ग्लेझिंग शिकवणार आहेत, म्हणजे पातळ पारदर्शक रंगाचे थर. ते चुकलं तर धुकं कधीच जमणार नाही. पुढच्या रविवारी बघू.

ती बरं म्हणाली. एवढ्यावर ऐकेल असं वाटलं नव्हतं. हळूहळू तिलाही कला कळायला लागलीय.

१५ जून

ग्लेझिंग! डोळे उघडले. क्लासहून आलो तर घराला कुलूप. संध्याकाळ उलटून गेल्यावर दोघं आली. बाबांच्या बुटांना चिखल, पँट गुडघ्यापर्यंत ओली. हिनं त्यांना उगाच कुठंतरी पायपीट करायला लावलेली दिसते. मी जेवताना ग्लेझिंग पूर्ण समजावून सांगितलं. बाबांनी मध्येच विचारलं, धुकं कसं काढतात रे? किती जिव्हाळ्याचा प्रश्न! मी सांगत बसलो. बाबांना बसल्या जागी झोप लागली.

२९ जून

धुकं घातलं. धुक्यामुळे पुष्कळ चुका झाकल्या जातात. आणखी घातलं.

८ जुलै

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दिवा लावला की विझवला, एवढं बाबांना कळतं.

तळ्याचा रंग आज उत्तम जमला. व्हिरिडियन हिरवा आणि थोडा पांढरा.

तळ्याचा रंग खरंच उत्तम जमलाय.

१९ जुलै

हात धरून बाबांना न्हाणीपर्यंत नेतो. सकाळी मी, दुपारी शेजारच्या मावशी, संध्याकाळी ही. बाबांचा हात माझ्या हातात इतका वेळ कधी असल्याचं आठवत नाही. हात हलका आहे. चालताना ते बोटांनी भिंत चाचपत जातात.

डॉक्टर बदलून बघावा. दुसरे एक आहेत, त्यांच्याकडे म्हणे गुण येतो. ही म्हणाली, बैल गेला आणि झोपा केला. एवढं एकच बोलली.

३ ऑगस्ट

क्लासचं प्रदर्शन. बाईंनी माझं चित्र जिन्याच्या वळणावर लावलं. तिथं सगळ्यांना थांबावंच लागतं. दातांचे डॉक्टर मुद्दाम आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, ओळखीचं वाटतं. मी आठवण दिली, तुमच्याच भिंतीवरचं. ते म्हणाले, नाही, मला एक एक्स-रे आठवला.

बघायला आलेल्या एका बाईंचा पदर चित्राला लागला. रंग अजून ओला होता. त्यांनी बराच त्रागा केला. चकाकीसाठी तेल थोडं जास्त झालंय, पण महिन्या-दोन महिन्यांत वाळेल. क्लासच्या बाई म्हणाल्या, महिने नाही, वर्षं. मग काय वाटलं कोण जाणे, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, घरी कुणाला द्यायचं असेल तर देऊन टाका आता.

२१ ऑगस्ट

आज चित्र टांगलं. बाबांच्या पलंगासमोर, ठरवलं होतं तिथंच. खिळा मी ठोकला. दोनदा वाकला.

बाबांना उभं केलं. खांदे धरून चित्राच्या दिशेनं वळवलं. ही दारात उभी होती. मी आधी भाषण तयार केलं होतं, पण आयत्या वेळी सुचलं नाही. एवढंच म्हणालो, की लावलं.

बाबा मग पुढे झाले आणि हात लावला. भिंत चाचपतात तसा, पूर्ण पंजा. मी ओरडणार होतो. पंजा ढगांत रुतला. ज्या ढगांसाठी सगळ्या रजा घातल्या, बरोब्बर तिथं.

"ओलं लागतंय," बाबा म्हणाले.

"तळं आहे ते, बाबा."

"अस्सं." हात त्यांनी तसाच ठेवला. "गार आहे."

मग हिनं चिंधीवर टर्पेंटाइन घेऊन त्यांची बोटं एकेक करून पुसली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मीही नाही. नखांत निळा राहिलाच.

ढगांतला पंजा बुजवता येईल. उद्या बघतो.

२५ ऑगस्ट

पंजा बुजवला नाही.

ऑफिसातून आलो. ही बाजारात गेली होती. बाबांशेजारी पलंगावर बसलो. मग बाबाच म्हणाले, आम्ही गेलो होतो तेव्हा फार धुकं होतं.

मी विचारलं, कुठं गेला होतात?

तळ्यावर. जूनमध्ये. सूनबाईनं नेलं होतं. तू क्लासला होतास.

दिवसभर तळ्याकाठच्या बाकावर बसून होते म्हणे दोघं. डोंगर दिसेना, तळं दिसेना, समोरचं कुंपणसुद्धा दिसेना. बाबांना वाटलं, संपलं, डोळे गेले. तसं त्यांनी हिला सांगितलं. ती म्हणाली, नाही बाबा, मलाही काही दिसत नाहीये. तेव्हा जिवात जीव आला म्हणाले. मग दोघं हसत बसली. शेवटची बस सुटायची वेळ झाली तरी धुकं हललं नाही. पाणी मात्र ऐकू येत होतं. उतरताना बाबांचा पाय खड्ड्यात गेला.

पुढच्या रविवारी परत जायचं दोघांनी ठरवलं होतं. पण पुढचा आठवडाभर बाबा तापानं पडून होते आणि मग राहिलंच.

मला कुणी सांगितलं नाही, असं लिहिणार होतो. पण मीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी ग्लेझिंग सांगत होतो.

बाबा म्हणाले, "आता तूच सांग. काय असतं तिथं?"

मी चित्राकडे बघितलं. तपकिरी. वर निळं, खाली हिरवट निळं, मध्ये खडक. मी सांगायला लागलो, डोंगर आहे, उंच आहे. बाबांनी विचारलं, किती उंच? आपल्या बिल्डिंगच्या किती पट? डोंगराचा वास येतो का? वर गेल्यावर पलीकडे काय दिसतं? चौकोनांत ते कुठं नव्हतं.

"तू गेलायस का कधी?" बाबांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"मग जाऊन ये एकदा. तुझे डोळे चांगले आहेत."

मी हो म्हणालो. येत्या रविवारी जाईन असं सांगितलं.

रविवारी क्लास आहे. बघू.